बदलापूरच्या ताईंचा उजवा हात : सहा आठवड्यांचं एक प्रकरण

समाजकार्याच्या नोकरीत मी आजवर खूप प्रकरणं लिहिली. व्यसन, पोटगी, घर सुटलेली मुलं. मनगट मोडलं म्हणून कुणी संस्थेची पायरी चढत नाही, त्यामुळे तसल्या प्रकरणाची फाईल माझ्या कपाटात नाही. पण 2023 च्या पावसाळ्यात आमच्या लोकलच्या ग्रुपमधल्या ताईंचा हात मोडला. पुढच्या सहा आठवड्यांत आम्ही पाच जणींनी जे केलं, आणि करताना जे चुकलो, ते मला नोकरीतल्या कितीतरी फायलींपेक्षा जास्त शिकवून गेलं. म्हणून हेही त्याच पद्धतीने, तारीखवार लिहून ठेवते आहे. ताईंना सगळं वाचून दाखवलं आहे. नावं घालायची नाहीत, एवढीच त्यांची अट. आमच्या डब्यात तशीही नावांची फार गरज पडत नाही. जी जिथे चढते, ते तिचं नाव.

माणसं

सकाळची बदलापूर-सीएसएमटी फास्ट, लेडीज डबा. बदलापूरच्या ताई सगळ्यात आधी चढतात, म्हणून जागा धरण्याचं काम त्यांचं. वय 56, फोर्टातल्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला. घरी त्या आणि 84 वर्षांच्या सासूबाई, दोघीच.

पुढच्या स्टेशनला अंबरनाथची चढते. वय 38, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला, दोन मुलं. मग उल्हासनगरची भाभी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली आणि तिथेच उल्हासनगर वसलं, त्यातलंच तिचं घर. ती ब्लाउज शिवते, आठवड्यातून दोनदा मंगळदास मार्केटला अस्तर आणि कापड आणायला जाते. मी कल्याणची. डोंबिवलीची पोरगी 29 वर्षांची, आमच्यात सगळ्यात धाकटी, कॉम्प्युटरवाली. ठाण्याला शाळेतल्या बाई चढतात आणि दादरला उतरतात. त्यांच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो, पण तेवढ्यात त्या सगळ्यांची हजेरी घेतात.

ताई आणि मी एकमेकींना 26 जुलै 2005 पासून ओळखतो. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ल्याच्या पुढे थांबलेल्या गाडीत आम्ही अख्खी रात्र काढली. ताईंच्या डब्यात अडीच पोळ्या उरल्या होत्या. त्यांनी त्याचे सात तुकडे केले आणि शेजारच्या अनोळखी बायकांच्या हातावर ठेवले. त्यातला एक माझा. बाकीच्या एकेक करून पुढच्या वर्षांत जमल्या. मार्च 2020 मध्ये लोकल बंद पडल्या तेव्हा वाटलं, संपलं सगळं. 21 ऑक्टोबर 2020 पासून बायकांना गर्दीच्या वेळा सोडून प्रवासाची परवानगी मिळाली, तेव्हा आम्ही पुन्हा भेटलो. दोघी कमी झाल्या होत्या. एकीची नोकरी गेली, एक गावी परतली.

ज्यांनी हा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिघींच्या बाकावर चौथी टेकते. उभी असलेली आपली पिशवी बसलेलीच्या मांडीवर ठेवते, विचारायची पद्धत नाही. बसलेली थोड्या वेळाने आपणहून उठते. गवारी, मेथी, लसूण गाडीतच निवडून होतं. दसऱ्याच्या आधी डबा सजतो, नवरात्रात भोंडला होतो. आणि भिशी असते. आमची दहा जणींची आहे, आम्ही सहा आणि पलीकडच्या बाकावरच्या चौघी. प्रत्येकीचे महिना 2,000. दर 10 तारखेला 20,000 एकीला. नंबर सुरुवातीलाच चिठ्ठ्या टाकून ठरतात. त्या वर्षी भिशी मार्चमध्ये सुरू झाली होती. ताईंचा नंबर ऑगस्टचा, अंबरनाथचीचा डिसेंबरचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

6 जुलै, गुरुवार

सीएसएमटीला उतरून सबवेच्या पायऱ्या उतरत होतो. पायऱ्या ओल्या, चपला ओल्या. माझ्या पुढे दोन पायऱ्यांवर ताई होत्या. पाय सरकला आणि त्यांनी उजवा हात पुढे टेकला. आवाज मी ऐकला. वाळकी शेंग मोडावी तसा.

भाभी सोबत होती, हे आमचं नशीब. मी पाणी शोधत होते, कुणीतरी कांदा हुंगवा म्हणत होतं. भाभी थेट खाली बसली आणि पहिलं म्हणाली, ‘‘अंगठी काढायला पायजे. आत्ता. नंतर सुजेल.’’ मधल्या बोटात पोवळ्याची अंगठी होती, वीस वर्षांत न निघालेली. भाभीच्या पर्समध्ये दोऱ्याचं रीळ कायमचं असतं. तिने दोऱ्याचं टोक अंगठीखालून सुईच्या नेढ्याच्या बाजूने सरकवलं. मग पेराच्या दिशेने दोरा बोटाला घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळला आणि अंगठीच्या मागचं टोक धरून हळूहळू उलगडत गेली. दोरा सुटत गेला तशी अंगठी पुढे सरकली. सगळं मिळून दोन मिनिटं. ताई ओठ दाबून बसल्या होत्या. पाटली तशीच निघाली. मग माझी ओढणी आणि घडी घातलेला पेपर यांची झोळी करून हात गळ्यात बांधला. रुग्णालयात डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं ते हेच, की अंगठी कुणी काढली.

एक्स-रेत दिसलं ते कोलीस फ्रॅक्चर. उघड्या तळव्यावर पडलं की मनगटाच्या जरा वर हाड मोडतं आणि हात उपड्या ठेवलेल्या काट्या-चमच्यातल्या काट्यासारखा वाकडा दिसतो. आयर्लंडच्या अब्राहम कोलीस या सर्जनने 1814 मध्ये, एक्स-रे निघायच्या कितीतरी आधी, याचं वर्णन केलं म्हणून त्यांचं नाव. पाळी गेलेल्या बायकांची हाडं विरळ होतात, त्यांच्यात हे फार दिसतं. हाड ओढून जागेवर बसवलं, कोपराखालपर्यंत प्लास्टर घातलं. सहा आठवडे. हात उशीवर उंच ठेवायचा, प्लास्टर भिजवायचं नाही, बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच यायचं. आणि बोटं दिवसभर हलवत राहायची, नाहीतर हाड जुळेल पण हात आखडेल.

पहिले दहा दिवस

या दहा दिवसांबद्दल मला अजून वाईट वाटतं.

मुलगा विमानाने आला, चार दिवस राहिला, गेला. त्याला सुट्टी नव्हती. आम्ही सगळ्यांनी फोन केले. ‘‘ताई, काहीही लागलं तर सांगा.’’ ऑफिसातल्यांनी तेच, सोसायटीतल्यांनी तेच. प्रत्येकीने मनापासून म्हटलं होतं. ताईंनी कुणालाही काही सांगितलं नाही. ‘‘बरी आहे गं, चाललंय.’’

15 तारखेला, शनिवारी, अंबरनाथची न सांगता बदलापूरला गेली आणि तिथून मला फोन केला. आवाज दबलेला. ताई तीन दिवस एकाच गाऊनमध्ये होत्या. गोळ्यांच्या पट्ट्या दाताने फोडत होत्या. सासूबाईंच्या हातून मार्चमध्ये गॅस चालू राहिला होता, तेव्हापासून त्यांना स्वयंपाक बंद. म्हणजे स्वयंपाक ताईंनीच करायचा, डाव्या हाताने. आणि कुकरचं झाकण एका हाताने लागत नाही. कधी करून पाहा. दहा दिवस दोघी दूध-ब्रेड, पोहे आणि शेजारून आलं तर आलं, यावर होत्या. आलेली पोळीही ताईंनी खाल्ली नव्हती, कारण डाव्या हाताने ती तुटेना आणि डाव्या हाताने जेवायला मन घेईना.

आणि हे सगळं एका अशा बाईचं, जिने 2005 साली अडीच पोळ्यांचे सात तुकडे केले होते.

रात्री ठाण्याच्या बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, ‘‘काय लागतं ते विचारूच नका. मुलांना ‘काय समजलं नाही’ विचारलं तर वर्ग गप्प बसतो. फळ्यावर गणित टाका आणि कुठे अडतंय ते बघा.’’

माझ्या नोकरीतलं हे पहिल्या वर्षाचं शिक्षण. मैत्रिणीच्या बाबतीत मी ते पार विसरले होते. ‘लागलं तर सांग’ म्हटलं की ओळखायचं, निवडायचं, शब्द जमवायचे आणि तोंड उघडायचं, हे चारही कष्ट ज्याचा हात मोडलाय त्याच्याच गळ्यात पडतात. ताईंसारख्या बाईला त्यातलं चौथं कधीच जमणार नव्हतं.

वही

16 जुलैच्या रविवारी मी दोनशे पानी वही घेऊन गेले. ताईंना म्हटलं, सकाळी डोळे उघडल्यापासून सुरू करा. मला फक्त कुठे अडतं ते सांगा, मदतीचं नाव काढू नका. त्या सांगत गेल्या. दात घासायच्या ट्यूबचं झाकण. गाऊनची बटणं. केस. दुधाची पिशवी कापणं. सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब, कारण एका हाताने पापणी धरता येत नाही आणि बाटलीही. रजेच्या अर्जावरची सही. दोन तासांत 23 गोष्टी झाल्या.

मग एकेक बघितलं. सहा गोष्टी सरळ सोडून दिल्या. रोजची देवांची भांडी घासणं, चादरींना इस्त्री, असलं. ताईंना ते जड गेलं, पण सहा आठवडे देव थांबले. चार गोष्टींना पैसे लावले. पोळ्यांना बाई ठेवली, तीच कुकरही लावून जायची. पाच गोष्टी माणसाशिवाय सुटल्या. आठवड्याच्या गोळ्या एकदाच सोडवून खणाखणांच्या डबीत. ताट हलू नये म्हणून खाली ओलं फडकं. पोळी आधीच फाडून आमटीत. भाभीने तीन जुने गाऊन नेले, उजवी बाही खांद्यापर्यंत उसवून त्याला वेल्क्रो लावला, पुढची बटणं काढून तिथेही वेल्क्रो. तिने दिलेला गाऊन ताई एका हाताने अर्ध्या मिनिटात घालत होत्या. पहिल्यांदा घातला तेव्हा त्या आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या सहा आठवड्यांतली सगळ्यात मोठी मदत कुठली, असं मला विचाराल तर मी तो वेल्क्रो सांगेन.

राहिल्या आठ. त्या आम्ही वाटून घेतल्या आणि वहीत वार आणि वेळ घातली. ‘कधीही बोलवा’ हा शब्द बाद. अंबरनाथची सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळी एक स्टेशन मागे जाणार, आजींचे थेंब, भाजी चिरणं आणि दुसऱ्या दिवशीची तयारी करणार. शनिवारी न्हाणं आणि केसांचं भाभीकडे, प्लास्टरला पिशवी बांधून. रविवार माझा. डोंबिवलीच्या पोरीने फोन, बिलं, अर्ज हे सगळं घेतलं. डाव्या हाताची सही जुळत नाही म्हणून रजेचा अर्ज एकदा परत आला, तेव्हा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या करून तिनेच तो पुन्हा पाठवला. पिन मात्र तिने ताईंना कधी विचारला नाही. ताई टाकत असताना तोंड फिरवून बसायची, मी पाहिलं आहे. आणि ठाण्याच्या बाई रोज रात्री नऊला फोन करून एकच प्रश्न विचारायच्या : ‘‘बोटं किती वेळा हलवली?’’ खोटं सांगितलेलं त्यांना कळायचं.

आजी

19 जुलैला, बुधवारी, धो धो कोसळला. उल्हास नदीचं पाणी चढलं, अंबरनाथ-बदलापूर गाड्या बंद पडल्या. त्या शनिवारी भाभीलाही ताप, तिची दांडी. त्या आठवड्याचं आमचं वेळापत्रक वाहून गेलं.

मी 23 तारखेला, रविवारी गेले तर ताईंची वेणी घातलेली होती. जरा सैल, जरा वाकडी, पण घट्ट फणी फिरलेली. वहीतल्या ‘केस’ या ओळीपुढे ‘भाभी’ खोडून कुणीतरी थरथरत्या अक्षरात ‘आजी’ लिहिलं होतं.

आमच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आजींना काय म्हणत होतो, ते मला तेव्हा आठवलं. ‘‘आजी, तुम्ही बसा.’’ ‘‘आजी, तुम्ही नका उठू.’’ प्रेमाने म्हणत होतो. त्या गप्प होत गेल्या, जेवण कमी झालं, मला वाटलं सुनेच्या काळजीने असेल. 23 कामांची यादी करताना त्या समोरच कॉटवर बसल्या होत्या आणि मी एकदाही त्यांच्याकडे वळून विचारलं नाही की यातलं तुम्हाला काय येतं. गॅस त्यांच्या हातून राहिला होता, हे खरं. फणी राहिली नव्हती.

त्या रविवारी मी बघत बसले. ताई खाली पाटावर, आजी कॉटवर, दोन्ही गुडघ्यांच्या मधे सुनेचं डोकं. खोबरेल वाटीत कोमट करून. आजींचा उजवा हात कापतो, म्हणून त्या फणी डाव्या हाताने आधार देऊन दोन्ही हातांनी ओढत होत्या. चाळीस मिनिटं लागली एका वेणीला. मधे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘लग्न होऊन आली तेव्हा हिचे केस मीच विंचरायची. कमरेच्या खाली होते. आता हात तेच आहेत, जरा हळू झालेत.’’

पुढच्या शनिवारपासून भाभी न्हाऊ घालायची आणि केस आजींसाठी सोडून निघायची. आजी जेवायला लागल्या. मसूर निवडणं, लसूण सोलणं हेही त्यांनी आपणहून ओढून घेतलं.

पुढचा डबा

आता जे लिहिणार आहे ते या प्रकरणातलं माझं सगळ्यात मोठं अपयश आहे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अंबरनाथची सकाळी दिसेना. पहिल्या दिवशी वाटलं, गाडी चुकली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, मुलाला बरं नसेल. फोनवर ‘‘आज लवकरची पकडली’’ म्हणायची. बदलापूरला मात्र ठरल्या वारी जात होती, म्हणून कुणी जास्त विचारलं नाही. शुक्रवारी डोंबिवलीच्या पोरीने दादरच्या प्लॅटफॉर्मवर तिला आमच्याच गाडीतून, पुढच्या डब्यातून उतरताना पाहिलं.

आमच्यात डबा बदलणं म्हणजे काय, हे प्रवास करणाऱ्यांना सांगायला नको. तिघीचौघींनी लगेच अर्थ लावले. भाभीशी काहीतरी झालं असेल. ताईंच्या घरी कुणी काही बोललं असेल. मलाही आधी रागच आला. सांगायला काय झालं होतं, असं वाटलं. जी गोष्ट ताईंच्या बाबतीत मी तीन आठवड्यांपूर्वी शिकले होते, ती इथे पुन्हा विसरले.

शनिवारी, 5 ऑगस्टला, मी अंबरनाथला उतरले. तिला घरी नाही, बाहेर बोलावलं. शिवमंदिराच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर बसलो. बराच वेळ मुलांबद्दल बोलली. मग म्हणाली, ‘‘10 तारीख आली. माझ्याकडे भिशीचे पैसे नाहीत. तोंड कसं दाखवू?’’

नवऱ्याचा कारखाना मे महिन्यात बंद झाला होता. तीन महिने घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. त्यात आठवड्यातून तीन दिवस बदलापूरची रिक्षा, जाऊन-येऊन, आणि जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून कधी केळी, कधी बिस्किटं. आठवड्याला तीनशेच्या वर जात होते. आम्ही वार लिहिला, वेळ लिहिली, नाव लिहिलं. खर्चाचा रकाना वहीत आखलाच नव्हता. सगळ्यात जवळ राहते म्हणून सगळ्यात जास्त तिच्यावर टाकलं, आणि ‘तुला झेपेल का’ हे विचारायचं राहून गेलं. ती नाही म्हणू शकली असती, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. वहीत सगळ्यांदेखत आपलं नाव तीनदा पडल्यावर नाही म्हणायला बायकांना फार ताकद लागते.

मी विचारलं, कुणाला सांगू? ‘‘फक्त ताईंना.’’

दुसऱ्या दिवशी रविवार. ताईंना सांगितलं. त्या प्लास्टरचा हात उशीवर घेऊन ऐकत होत्या. क्षणभर थांबून म्हणाल्या, ‘‘ऑगस्टचा नंबर माझा आहे ना? तो तिला. मी डिसेंबरचा घेते. रजेचा पगार येतोय माझा, मला आत्ता नकोच आहे.’’

हिशोब साधा होता. 10 तारखेला 20,000 अंबरनाथचीला मिळणार. तिचे त्या महिन्याचे 2,000 त्यातूनच जाणार, हातात 18,000. सप्टेंबर ते डिसेंबर चार महिन्यांचे 8,000 तिने त्याच दिवशी ठाण्याच्या बाईंकडे बाजूला ठेवले, म्हणजे पुढची चिंता नको. उरले 10,000. मार्चपासून जुलैपर्यंत पाच महिन्यांत तिने भिशीत भरलेले बरोबर तेवढेच. तिचे तिलाच, फक्त लवकर. म्हणून ती ते घेऊ शकली. ताईंनी उसने देऊ केले असते तर तिने घेतले नसते, याची मला खात्री आहे. भिशीतल्या बाकीच्यांना एवढंच सांगितलं की दोघींनी नंबर बदलले. नंबर बदलणं आमच्यात नेहमीचं, कुणी कारण विचारत नाही.

एवढ्याने काही त्यांचा संसार सावरला नाही. दहा हजारांत शाळेची फी आणि किराणा यांतलं काय काय बसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या नवऱ्याला काम लागायला ऑक्टोबर उजाडला, आणि त्यात आमचा काही हात नव्हता. पण 11 ऑगस्टला सकाळी ती आमच्या डब्यात चढली. बाकावर मी होते. तिने काही न बोलता पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

वहीत मी त्याच दिवशी दोन रकाने वाढवले, ‘खर्च’ आणि ‘जमेल का’. बदलापूरच्या तीन फेऱ्यांची एक झाली. ताईंना तोवर बरंच जमत होतं आणि उरलेलं आजींना. रिक्षाचे पैसे ताई मोजून देऊ लागल्या. पहिल्या वेळी ती नको म्हणाली तेव्हा ताई म्हणाल्या, ‘‘मग मी येऊ नको म्हणेन.’’

प्लास्टर निघाल्यावर

17 ऑगस्टला प्लास्टर काढलं. आम्हाला वाटलं, सुटलो. ताई त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या. हात बारीक झालेला, कातडीचे पापुद्रे निघत होते, आणि मनगट लाकडासारखं. बोटं मात्र पाचही मोकळी होती. ते श्रेय रात्री नऊच्या फोनचं.

सगळ्यात अडत होतं ते तळवा वर वळवणं. उपडा हात उताणा होईना. या फ्रॅक्चरनंतर हे बहुतेकांना होतं, फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, व्यायामाने येईल. गरम पाण्यात स्पंज पिळायचा. आणि लाटणं एका टोकाला मुठीत उभं धरून ते हळूहळू एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आडवं करायचं. लाटण्याच्या वजनाने मनगट आपोआप थोडं जास्त वळतं. दिवसातून चार वेळा. आजी समोर बसून मोजायच्या. हाडांची घनता बघायची डेक्सा तपासणीही त्याच महिन्यात झाली. त्यानंतर आम्ही तिघींनीही ती करून घेतली. त्यात काय निघालं ते आमच्याजवळ.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, त्यामुळे सगळे सण लांबले. ताई 4 सप्टेंबरला, सोमवारी, गाडीत परतल्या. चढताना दांडा डाव्या हाताने धरला. गणपती 19 तारखेला होते. ताईंकडे दीड दिवसाचा असतो. संध्याकाळी आम्ही पाचही जणी गेलो, अंबरनाथचीचा नवरा आणि मुलंही. मोदक भाभीने आणि मी वळले. ताईंनी एक वळला, त्याला सात कळ्या आल्या. एरवी त्यांच्या मोदकाला सतरा-अठरा असतात.

आरती झाली. आजी कॉटवरून उठून देवापाशी आल्या, तीर्थाची पळी त्यांनी स्वतःच घेतली. सगळ्यांना देत देत ताईंपर्यंत आल्या. ताईंनी सवयीने डावा हात पुढे केला, मग मागे घेतला आणि उजवा केला. तळवा पाऊण वळला. पुढे जाईना. आजींनी त्यातच पळीभर तीर्थ घातलं. निम्मं मनगटावरून कोपराकडे ओघळलं.

‘‘आणखी एक घाला,’’ ताई म्हणाल्या.